उंसाचें पान आणि डोळ्याची कांच

दसरा-दिवाळी आटोपली म्हणजे बीड जिल्ह्यांतील अनेक गांवें रिकामीं होऊं लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवरा-बायकोची जोडी, जिला या धंद्यांत 'कोयता' असेंच म्हणतात, पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या वाटेला लागते. पुढचे पांच-सहा महिने फडांतच जातात. भल्या पहाटे ऊंस तोडावयाचा, पाचट सोलावयाचें, मोळ्या बांधावयाच्या आणि त्या डोक्यावरून वाहून गाडींत भरावयाच्या, हा त्यांचा नित्यक्रम. उंसाचें पान दिसावयास गवताच्या पात्यासारखें; परंतु त्याची कड बारीक करवतीसारखी असते. हातापायांवर तिचे ओरखडे रोज उठतात आणि यथाकाल भरूनहि येतात. तेंच पान डोळ्याला लागलें म्हणजे मात्र गोष्ट निराळी होते. ती निराळी कां होते, हें समजण्यासाठीं डोळ्याची रचनाच पाहिली पाहिजे.

डोळ्याचा गोळा सुमारें २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे एखाद्या मोठ्या बोराएवढा असतो. तो हाडांच्या खोबणींत सुरक्षित बसविलेला असल्यामुळें त्याचा थोडासाच भाग बाहेरून दिसतो. पांढरा दिसणारा भाग म्हणजे त्याचें चिवट वेष्टन, श्वेतपटल. समोर मध्यभागीं हेंच वेष्टन घड्याळावरील कांचेप्रमाणें किंचित् फुगीर व पारदर्शक झालेलें असतें. त्या भागाला पारपटल असें नांव आहे. काळें अथवा घारें बुबुळ हाच डोळ्याचा दर्शनी पृष्ठभाग, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक बुबुळाचा रंग या कांचेमधूनच दिसत असतो.

हें पारपटल शरीरांतील एक नवलच आहे. त्याची जाडी मध्यावर सुमारें अर्धा मिलिमीटर. त्यांत एकहि रक्तवाहिनी नाहीं. रक्त असतें तर प्रकाशाला वाट मिळाली नसती. त्याला प्राणवायु मिळतो तो मुख्यतः हवेंतून, अश्रूंच्या पातळ थरांत विरघळून. आणि पोषण मिळतें तें बहुतांशीं त्याच्या मागें असलेल्या पाण्यासारख्या रसापासून. त्याच्या गाभ्यांतील तंतु इतक्या सारख्या अंतरावर रचलेले असतात कीं, प्रकाश त्यांतून न विखुरतां आरपार जातो. सर्वांत आंतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो. तो गाभ्यांतील जास्तीचें पाणी अखंड उपसून काढीत असतो. हा थर निकामी झाला तर कांच फुगते व धुरकट होते. शिवाय येथें मज्जातंतूंचें जाळें फार दाट आहे. म्हणूनच डोळ्यांत बारीकसें कुसळ गेलें तरी माणूस कासावीस होतो.

प्रकाशाचे किरण वळवून एकत्र आणण्याचें सुमारें दोन तृतीयांश काम हें पारपटलच करतें. त्यापुढें बुबुळाच्या मध्यभागींचें छिद्र, म्हणजे बाहुली. ती लख्ख उन्हांत सुमारें २ मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावते व अंधारांत ८ मिलिमीटरपर्यंत रुंदावूं शकते. तिच्या मागें भिंग असतें. जवळचें पाहतांना तें अधिक फुगीर होतें व दूरचें पाहतांना चपटें होतें. चाळिशीच्या सुमारास त्याची ही लवचीकता कमी झाली कीं वाचनासाठीं चष्मा लागतो. आणि पुढें तेंच गढूळ झालें म्हणजे मोतीबिंदु झाला असें म्हणतात. भिंगामागील पारदर्शक गरांतून किरण शेवटीं मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, पडतात. तेथें उमटणारें चित्र उलटें असतें, हें केप्लर या ज्योतिषशास्त्रज्ञानें १६०४ सालीं दाखवून दिलें. या पडद्यांत अंधुक उजेड टिपणाऱ्या सुमारें १२ कोटि, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारें ६० लक्ष पेशी असतात. त्यांनीं टिपलेला संदेश सुमारें दहा लक्ष तंतूंच्या दृष्टिमज्जातंतूंतून मेंदूकडे जातो, आणि पाहण्याची क्रिया पुरी होते ती तेथें.

एवढी सारी यंत्रणा शाबूत असूनहि समोरची कांच धुरकट झाली तर ती व्यर्थ ठरते. ऊंसतोड्याच्या डोळ्याला भीति असते ती नेमकी हीच. पानाच्या ओरखड्यानें पारपटलाचा केवळ वरचा थर खरचटला असेल, तर तो एक ते तीन दिवसांत भरून येतो व मागें खूणहि राहत नाहीं. परंतु पानाबरोबर माती, बुरशी व जंतु आंत गेले, तर जखम चिघळते. बुरशीचा व्रण तर विशेष कपटी. तो सावकाश वाढतो, औषधाला चटकन् दाद देत नाहीं, आणि गाभ्यापर्यंत पोंचतो. गाभ्याची जखम भरली तरी तेथील तंतु पूर्ववत् रचले जात नाहींत. पांढरा डाग राहतो. खेड्यांत याला डोळ्यांत 'फूल पडणें' म्हणतात. नांव कोमल, परंतु अर्थ अंधत्वाचा.

अशा वेळीं कोणी पदराच्या टोकानें डोळा पुसतो, कोणी झाडपाल्याचा रस पिळतो, कोणी दुकानांतून मिळेल ती औषधाची बाटली आणतो. यांतील कांहीं थेंबांत स्टिरॉइड हें द्रव्य असतें. त्यानें लाली व ठणका कमी होऊन बरें वाटतें, आणि तेवढ्यांत बुरशीला मोकळें रान मिळतें. डॉक्टरांकडे जावें तर दिवसाची मजुरी बुडते आणि जोडींतील एक हात कमी झाल्यामुळें दुसऱ्याचेंहि काम अडतें. मग 'उद्यां पाहूं' असें म्हणून दिवस लोटतात.

हा 'उद्यां' किती महाग पडतो, याचा दाखला नेपाळांतून मिळाला आहे. तेथील भक्तपूर जिल्ह्यांत सुमारें ३५ हजार लोकांवर दोन वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें, आणि २००१ सालीं त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पारपटलाला ओरखडा पडलेल्यांना गांवांतीलच शिकविलेले स्वयंसेवक क्लोरॅम्फेनिकॉलचें मलम दिवसांतून तीन वेळां, तीन दिवस लावीत. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आंत ज्यांना उपचार मिळाला, त्यांतील एकालाहि व्रण झाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २४ ते ४८ तासांनीं आलेल्यांपैकीं मात्र चौथाईहून अधिक जणांना व्रण झाला. मलम तेंच, माणसें तींच. फरक पडला तो केवळ वेळेचा.

बीड जिल्ह्यांत या दृष्टीनें मोठा आधार आहे तो अंबाजोगाईचा. आद्यकवि मुकुंदराज व दासोपंत यांच्या या गांवीं १९७४ सालीं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तें आज स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवानें ओळखलें जातें. परंतु ऊंसतोड्याला इजा होते ती गांवीं नव्हे, तर शेंकडों मैलांवरच्या फडांत. तो चैत्राच्या सुमारास घरीं परतेपर्यंत फूल पडून गेलेलें असतें. म्हणून उपचार फडापर्यंत गेला पाहिजे. प्रत्येक टोळींत एका तरी माणसाला प्रथमोपचाराचें शिक्षण, डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा, आणि इजा झालेल्याला त्याच दिवशीं दवाखान्यांत पोंचविण्याची व त्या दिवसाची मजुरी न कापण्याची तजवीज, या तीन गोष्टी कारखान्याच्या खर्चांत नगण्य आहेत.

फूल पडलेल्या डोळ्यालाहि आशा मुळींच नाहीं असें नाहीं. डॉ. एडुआर्ड त्सिर्म यांनीं मोराविया प्रांतांतील ओलोमोउत्स येथें ७ डिसेंबर १९०५ रोजीं पारपटल-रोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तो रोगीहि एक मजूरच होता; चुना उडून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. पारपटलांत रक्तवाहिन्या नसल्यामुळें परक्या माणसाचें पारपटल शरीर बहुधा स्वीकारतें. जी उणीव वाटते तीच येथें सोय होते. परंतु हें पारपटल कारखान्यांतून येत नाहीं. मृत्यूनंतर सुमारें सहा तासांच्या आंत नेत्रदान झालें, तरच तें मिळतें. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदानाचा पंधरवडा देशभर पाळला जातो तो याचसाठीं.

शहरांतील कुटुंबांना ऊंसाचा फड क्वचितच दिसतो. साखर मात्र रोज दिसते. त्या साखरेमागें किती डोळे पात्यांच्या कडेवर काम करीत असतात, याची जाणीव ठेवून घरांतील मंडळींनीं नेत्रदानाचा विचार वेळींच एकमेकांत बोलून ठेवला, तर कोणा ऊंसतोड्याला आपल्या मुलांचीं तोंडें पुन्हां दिसूं शकतील.