आखाड्याचा जमाखर्च आणि डाळगिरणीची रोकड

वऱ्हाडात व्यायामशाळेची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. गावोगावच्या तरुण मंडळांपुढे हा वारसा आहे. त्यांच्या मैदानाकडे सर्वांचे लक्ष असते. कपाटातील पावतीपुस्तकाकडे मात्र बहुधा वार्षिक सभेच्या आदल्या रात्रीच जाते.

नोंदणीकृत विश्वस्त मंडळास ही चालढकल परवडणारी नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार विश्वस्तांनी नियमित हिशेब ठेवून ताळेबंद व जमाखर्चाचे लेखापरीक्षण करवून घ्यावयाचे असते. हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर झाल्यास विश्वस्तास पदावरून दूर करण्याची तरतूदही त्यात आहे.

तथापि कायद्याच्या धाकापेक्षा माणसाच्या अब्रूचा प्रश्न मोठा आहे. स्पर्धेस संघ नेताना क्रीडाशिक्षकाच्या हाती तसलमात दिली जाते. तो प्रसंगी पदरचे पैसे घालतो, बसची तिकिटे हरवतात, आणि तीन महिन्यांनी त्याच प्रामाणिक माणसाकडे संशयाने पाहिले जाते. परतल्यावर आठ दिवसांत पावत्यांसह हिशेब द्यावा, उरलेली रक्कम बँकेत भरावी, पावती न मिळणाऱ्या किरकोळ खर्चासाठी सहीचे प्रमाणक करावे, असा ठराव कार्यकारिणीने आधीच केलेला असेल, तर त्याच्यावर हा प्रसंग येणार नाही.

अंदाजपत्रक म्हणजे मागील वर्षाच्या आकड्यांत दहा टक्के वाढ नव्हे. समजा, मल्लखांबाखालील गाद्यांस साठ हजार रुपये लागले आणि त्या पाच वर्षे टिकणार आहेत; तर दरसाल बारा हजार बाजूस काढले पाहिजेत. अन्यथा सहाव्या वर्षी फाटक्या गादीवर मुले उडी मारतात. शासकीय अनुदानाची नोंद स्वतंत्र ठेवावी. ते ज्या कामासाठी मिळाले त्याच कामी खर्च झाले, हे उपयोगिता प्रमाणपत्रात दाखवावे लागते.

वाढत्या धंद्याची अडचण निराळी, पण नात्यातलीच. अकोल्याच्या डाळगिरणीचे उदाहरण घ्यावे. तुरीची आवक हंगामात, खरेदी बहुतांशी रोखीची. डाळ मात्र वर्षभर उधारीवर जाते. धंदा दुप्पट झाला की उधारीही दुप्पट होते. ताळेबंदात नफा दिसतो आणि मजुरीच्या दिवशी गल्ला रिकामा असतो! म्हणून वार्षिक नफ्याच्या अंदाजासोबत दरमहा येणाऱ्या व जाणाऱ्या रोकडीचा तक्ता हवाच. पूर्वी अनेक पेढ्यांचे वर्ष दिवाळीत, वहीपूजनाला बदले. आयकरासाठी १९८९ पासून सर्वांचेच वर्ष ३१ मार्चला संपते. नेमकी तेव्हा हंगामी मालाची कोठारे भरलेली असतात. त्या दिवशी पोती प्रत्यक्ष मोजून शिलकी मालाची किंमत न लावल्यास वर्षाचा नफा खोटाच निघतो.

मंडळांनी दर तिमाहीचा जमाखर्च एका कागदावर लिहून व्यायामशाळेच्या दारी लावावा. वर्गणी देणारा अडत्या तो वाचील, आणि मुलांचे पालकही.