होय, अलिबागहूनच आलोय!
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आज मांडव्याच्या बोटीत शेजारचा तरुण फोनवर कोणाला तरी म्हणत होता, ‘‘मला शिकवतोस? मी काय अलिबागहून आलोय?’’ बोट अलिबागकडेच निघाली होती!

हे वाक्य मुंबईत आपण सगळ्यांनीच ऐकलंय. अर्थ सरळ आहे: मला भोळा समजू नकोस. मला वाटतं, ते धक्क्यावरच जन्मलं असावं. रेवसची लाँच भाऊच्या धक्क्याला लागायची आणि हातात पिशव्या घेऊन आपली माणसं उतरायची. शहराला नवखी, म्हणून फसवायला सोपी. भाषेत गावं-प्रांत असेच चिकटतात. उगाच लांबचा वळसा घेतला की आपणही ‘द्राविडी प्राणायाम’ म्हणतोच की!

२०१९ साली या वाक्यावर बंदी घालावी, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. विनोद प्रत्येक समाजावर होतात, त्यात अपमान मानू नये, असं सांगून न्यायालयाने ती फेटाळली. मला निकाल पटला. पण याचिका करणाऱ्याचं दुःखही कळलं. कारण मी स्वतः एकदा गाव लपवलंय.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसात कोणी गाव विचारलं की मी सांगायचो, ‘‘पनवेलच्या पुढे.’’ एकदा बाबा पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन थेट ऑफिसात आले. ‘‘आम्ही अलिबागचे,’’ त्यांनी सगळ्यांना सांगितलं. एकजण म्हणाला, ‘‘हा तर पनवेलच्या पुढे म्हणतो!’’ बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, ‘‘बरोबर आहे. पनवेलच्या पुढेच आहे अलिबाग.’’ त्यांनी मला सांभाळून घेतलं. पुढे कधी विषयही काढला नाही. माफी मागायची माझ्याकडूनही राहून गेली. आता ते नाहीत, म्हणून इथे बोलतोय.

त्या दिवशी मला जे सांगता आलं नाही, ते आज सांगतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आपल्या कुलाब्यावर चालून आले आणि कान्होजी आंग्र्यांपुढे हात हलवत परत गेले. विजेच्या ट्राममुळे मुंबईच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली आपल्याकडे चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. आणि आपल्याच तालुक्यातल्या चरीला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. घरात खायला नव्हतं, तरी मागे हटले नाहीत. ‘आम्हाला वेड्यात काढू नका’ हे मुंबईकर चेष्टेत म्हणतात. चरीच्या शेतकऱ्यांनी ते सहा वर्षं उपाशीपोटी म्हणून दाखवलं.

बोटीतल्या त्या तरुणाने फोन ठेवल्यावर मी त्याला म्हटलं, ‘‘मी अलिबागचाच.’’ तो ओशाळला, ‘‘सॉरी काका, सहज म्हणालो.’’ मग उतरेपर्यंत गप्पा झाल्या. वेधशाळा कुठे आहे, ते त्याने विचारून घेतलं. परतताना पांढरे कांदे कुठून घ्यायचे, तेही सांगितलं मी.