अंकाचा अर्थ : पेट्रोल, ऑक्टेन आणि मोटार
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



पेट्रोलपंपावर आज दोन-तीन प्रतींचे पेट्रोल मिळते. त्यांची ओळख अंकांनी होते. अंक वाढतो तसा दरही वाढतो. साहजिकच, वरच्या अंकाचे पेट्रोल भरले की मोटार अधिक जोमाने धावेल, अशी अनेकांची समजूत होते. बहुतेक मोटारींच्या बाबतीत ती खरी नाही.

इंजिनातील दट्ट्या वर सरकतो तेव्हा हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि दाबाने तापते. स्पार्क प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत क्रमाक्रमाने पसरावी, अशी योजना असते. इंधन उतावळे असेल, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि धातूवर हातोडी पडावी तसा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. त्याने शक्ती वाया जाते व कालांतराने दट्ट्याचीही हानी होते. अवेळी न भडकण्याचा इंधनाचा जो गुण, तो ऑक्टेन क्रमांक मोजतो. हा अंक बळाचा नव्हे, धीराचा आहे.

त्याची मोजपट्टी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२६ च्या सुमारास सुचवली. सहजी न भडकणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि चटकन भडकणाऱ्या हेप्टेनला शून्य गुण दिले गेले. चाचणी-इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाप्रमाणे वागणारे पेट्रोल, ते ९१ चे. मोजण्याची रीत बदलली की अंकही बदलतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांना तेथील पंपावर ८७ हा अंक दिसतो. तेथे दोन निरनिराळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात, म्हणून तो लहान दिसतो. पेट्रोल मात्र आपल्याकडील मोजणीनुसार ९१ च्या जवळपासचेच असते.

ज्या इंजिनाची रचना ९१ साठी झाली आहे, त्यात १०० चे पेट्रोल भरून सहसा खर्च तेवढा वाढतो. याउलट, अधिक दाबाच्या वा टर्बोचार्जर असलेल्या काही इंजिनांसाठी उत्पादकाने ९५ सांगितलेले असते. तेथे ९१ भरल्यास नॉकिंगची चाहूल लागताच यंत्रणा ठिणगीची वेळ बदलते. इंजिन वाचते, पण त्याचा जोर घटतो. म्हणून मोटारीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेला अंक तोच योग्य अंक. इथेनॉलचे उदाहरणही बोलके आहे. इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक पेट्रोलहून पुष्कळ मोठा, परंतु एका लिटरमधील ऊर्जा सुमारे एक-तृतीयांशाने कमी. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा अंक वाढतो, तरी त्यासाठी खास न घडवलेली मोटार एका लिटरमध्ये थोडे कमीच अंतर कापते.

हा अंक वाढवण्याच्या धडपडीला एक काळी बाजूही आहे. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्समधील थॉमस मिजली यांच्या ध्यानात आले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग किंचित मिसळले तरी नॉकिंग थांबते. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही ठाऊक होते. तरी ते 'एथिल' या नावाने बाजारात आले. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील तेलशुद्धीकरण कारखान्यात पाच कामगार या विषाने दगावले. त्यानंतर मिजली यांनी वार्ताहरांसमोर तेच द्रव्य हातांवर ओतून ते निर्धोक असल्याचा देखावा केला. पुढे पृथ्वीचे वय निश्चित करणारे क्लेअर पॅटरसन यांना आपल्या प्रयोगशाळेत सर्वत्र शिशाची बाधा आढळली. तिचा माग काढत ते पेट्रोलमधील शिशापर्यंत पोहोचले. उद्योगाचा विरोध सोसून १९६५ पासून त्यांनी हा धोका जगासमोर मांडला.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ मध्ये थांबले. मिजली यांच्या शोधानंतर तोवर शंभर वर्षे लोटली होती.

त्या शंभर वर्षांत धुरातले शिसे सर्वाधिक बाधले ते लहान मुलांना. शिशाने मुलांच्या वाढत्या मेंदूची हानी होते. बुद्धी, एकाग्रता आणि शिकण्याची क्षमता कमी होते. पेट्रोलचा अंक वाढावा म्हणून जे मिसळले, त्याने वर्गात बसलेल्या मुलांची आकलनशक्ती हिरावून घेतली. या शाळेच्या आरंभीच्या पिढ्याही त्याच धुरातून चालत शाळेत आल्या.

म्हणून कोणताही अंक समोर आला, की तीन प्रश्न विचारावेत : हा नेमके काय मोजतो, कोणासाठी योग्य आहे आणि तो वाढवण्याची किंमत कोण देतो? पेट्रोलपंपावर हे प्रश्न उपयोगी पडतील. मुलांचे गुणपत्रक हाती घेतानाही पालकांना त्यांचे स्मरण व्हावे, एवढीच अपेक्षा.