मध्यम मार्ग : तडजोड नव्हे, साधना

(आषाढ पौर्णिमेच्या निमित्ताने कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



आषाढ पौर्णिमा आपण गुरुपौर्णिमा म्हणून साजरी करतो. याच तिथीला वाराणसीजवळील ऋषिपत्तनाच्या मृगदावात, म्हणजे आजच्या सारनाथला, भगवान बुद्धांनी आपला पहिला उपदेश केला, अशी बौद्ध परंपरेची श्रद्धा आहे. समोर श्रोते होते अवघे पाच. कौंडिण्य आणि त्यांचे चार सहकारी. हे पाचही जण पूर्वी बुद्धांना सोडून गेलेले होते.

ते का सोडून गेले, हे समजून घेतल्याशिवाय मध्यम मार्ग समजत नाही. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी सिद्धार्थाने गृहत्याग केला. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या आचार्यांकडे तो ध्यानमार्ग शिकला. नंतर उरुवेलेच्या परिसरात सहा वर्षे त्याने उग्र तप केले. देह अस्थिपंजर झाला, परंतु ज्ञान काही हाती लागले नाही. तेव्हा त्याने अन्नग्रहण केले. सुजातेच्या खिरीची कथा सर्वश्रुत आहे. सिद्धार्थ भोगाकडे वळला, असा त्या पाच तपस्व्यांनी अर्थ काढला आणि त्यांनी त्याची संगत सोडली. पुढे पिंपळाखाली बोधी प्राप्त झाल्यावर बुद्ध प्रथम त्यांच्याकडेच गेले. विषयभोगात बुडणे हे एक टोक आणि देहाला व्यर्थ क्लेश देणे हे दुसरे टोक. दोन्ही टाळून जाणारा मार्गच दृष्टी देतो, हा त्या उपदेशाचा गाभा होता.

हा मार्ग म्हणजे ‘थोडे हे, थोडे ते’ असा सोयीचा हिशेब नव्हे. तो अष्टांगिक आहे : सम्यक् दृष्टी, संकल्प, वाणी, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी. येथे व्यायाम म्हणजे प्रयत्न आणि स्मृती म्हणजे अखंड सावधानता. एक दिवस उपवास करणे सोपे असते. रोज वाणी सांभाळणे कठीण असते. म्हणूनच मध्यम मार्ग ही अधिक अवघड साधना आहे.

चंपा नगरीच्या सोण कोळिवीस नावाच्या श्रीमंत तरुणाची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळील शीतवनात त्याने इतकी कठोर चंक्रमणे केली की कोमल पाय फुटून रक्त वाहू लागले. तरीही सिद्धी मिळेना. तेव्हा त्याच्या मनात विचार आला की, घरी परतावे, संपत्ती भोगावी आणि दानधर्म करावा. बुद्धांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण दिली. तार अति ताणली तर सूर निघत नाही, अति सैल सोडली तरी निघत नाही. प्रयत्नांचेही तसेच आहे. अतिरेकाने चित्त अस्वस्थ होते, शैथिल्याने आळस येतो.

या कथेतील मर्म असे की, एक टोक दुसऱ्या टोकाला जन्म देते. प्रत्येक कार्यकर्त्याने हे लक्षात ठेवावे. पहिल्या उत्साहात झोप, अध्ययन, आईवडील, मुले या सर्वांकडे पाठ फिरवणारा माणूस पुष्कळदा काही वर्षांतच कटुतेने कार्यापासून दूर जातो. त्याहून सूक्ष्म धोका त्यागाच्या अहंकाराचा. ‘मी इतके सोडले’ ही भावना भोगाइतकीच बांधून ठेवते. सोणाला पायांसाठी पादत्राणे वापरण्याची अनुमती मिळाली, तेव्हा केवळ आपल्यासाठी सवलत घेण्यास त्याने नकार दिला. मग ती सर्व भिक्षूंना देण्यात आली. तपातून असे मन घडले तर ते तप सार्थकी लागले.

गृहस्थांसाठीही बुद्धांचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. तराजू धरणाऱ्याने पारड्यांवर लक्ष ठेवावे, तसे गृहस्थाने आय आणि व्यय जाणावेत, असे त्यांनी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला सांगितले. सिगाल या तरुणाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, एक संकटकाळासाठी. हप्त्यांवर घर भरणाऱ्या आजच्या कुटुंबांनी हा हिशेब एकदा वहीत मांडून पाहावा.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही आहार, विहार आणि निद्रा यांत युक्तता सांगितली आहे. आत्मतत्त्व आणि वेदप्रामाण्य याविषयी दोन्ही परंपरांत मतभेद आहेत. ते झाकण्याचे कारण नाही. संयमाचे मोल मात्र दोघींनी जाणले.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. न्याय आणि अन्याय यांच्या मधोमध उभे राहणे म्हणजे मध्यम मार्ग नव्हे. शाक्य राजपुत्र संघात आले, तेव्हा त्यांचा कुलाभिमान गळावा म्हणून त्यांच्याआधी उपाली नापिताला प्रव्रज्या देण्यात आली. राजपुत्रांनी त्याला वंदन केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तीही समतेच्या याच ओढीने. अस्पृश्यतेशी ‘मध्यम’ तडजोड संभवत नाही. समाजाने ती शतकानुशतके केली, हे कठोर सत्य प्रत्येकाने स्वतःच्या मनाला सांगितले पाहिजे.

भोगाची मर्यादा, त्यागाची मर्यादा आणि अभिमानाचा संपूर्ण लोप, अशी ही वाट आहे. सारनाथला पाच जणांपासून तिचा आरंभ झाला. घराघरांत ती रोजच्या आचरणानेच पुढे जाईल.