ताप उतरला म्हणजे सुटलो?

पाऊस जोरात आहे आणि माझ्या दवाखान्यात बसायला जागा नाही. डोंबिवलीत फॅमिली डॉक्टर म्हणून मला आता बरीच वर्षं झाली, तरी दर पावसाळ्यात मला एक फोन आठवतो. आज त्याबद्दलच बोलायचंय, कारण त्यात चूक माझी होती.

चोवीस वर्षांचा मुलगा. रोज लोकलने मुंबईला नोकरीला. तापाच्या तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. अंग मोडून आलेलं, डोळ्यांच्या मागे दुखत होतं. एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे डेंग्यू. प्लेटलेट्स १,४०,०००. मी पॅरासिटामॉल दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि घरी पाठवलं. इथपर्यंत सगळं बरोबर.

पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा फोन. "डॉक्टर, ताप उतरला हो. पण पोटात दुखतंय म्हणतो, तीन उलट्या झाल्यात." बाहेर पेशंटची रांग होती. मी म्हटलं, "ताप उतरला ना? मग चांगलंय. अशक्तपणा असेल, संध्याकाळी आणा त्याला."

संध्याकाळी त्याला दोघांनी धरून आणलं. हात थंडगार, नाडी धावतेय, बीपी ९०/७४. वरचा आणि खालचा आकडा इतका जवळ येणं, म्हणजे पेशंट शॉकमध्ये चाललाय. रिक्षातून मी स्वतः त्याला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. सलाईन वेळेत सुरू झालं आणि पोरगा वाचला. पण सकाळीच बोलावलं असतं, तर ही वेळच आली नसती.

आता हे नेमकं काय होतं, ते समजून घ्या. डेंग्यूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो, आणि काही जणांसाठी खरा धोका तेव्हाच सुरू होतो. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपायला लागतो. रक्त घट्ट होतं, बीपी ढासळतं. हा काळ बहुधा २४ ते ४८ तासांचा असतो. तो नीट निभावला की पेशंट झपाट्याने सुधारतो.

म्हणून ताप उतरल्यावर यातलं एक जरी दिसलं, तरी संध्याकाळची वाट बघू नका. पोटात जोरात दुखणं. उलट्या न थांबणं. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी. खूप झोपाळल्यासारखं किंवा उगाच बेचैन वाटणं. हातपाय गार पडणं. पाच-सहा तास लघवीच न होणं. थेट हॉस्पिटल गाठा.

आता तुम्ही सगळे विचारता तो प्रश्न: "डॉक्टर, प्लेटलेट्स किती?" मला मध्यरात्री व्हॉट्सॲपवर रिपोर्ट येतात, खाली पपईच्या पानांचा फॉरवर्ड. अहो, डेंग्यूत प्लेटलेट्स कमी होतातच आणि बहुतेकांच्या आपोआप वाढतात. रक्तस्राव नसेल, तर साधारण १०,००० च्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट्स चढवायचा विचार करत नाहीत. त्याच रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो. तो चढत असेल तर रक्त घट्ट होतंय. आम्ही दोन्ही आकडे एकत्र वाचतो.

गोळीबद्दल. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकलवाल्याला "अंगदुखीचं काहीतरी द्या" म्हणालात, तर नेमकं हेच हातात पडू शकतं. आणि पहिल्या दिवसांत एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच, असं समजू नका. तसंच, तुंबलेल्या पाण्यातून चालून आला असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ताप लेप्टोचाही असू शकतो, त्याचे उपचार वेगळे.

पीजीमध्ये, रूमवर राहणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एक काम. ताप आला की फोनच्या नोट्समध्ये तारीख आणि वेळ लिहा. रोज किती वेळा लघवीला गेलात, तेही लिहा. हसू नका, आम्हाला त्यातून खूप कळतं. आणि रूममेटला सांगून ठेवा, "ताप उतरला तरी दोन दिवस माझ्यावर लक्ष ठेव."

त्या दिवसापासून मी डेंग्यूच्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो: ताप उतरल्यावर दाखवायला या. त्या भेटीची फी घेत नाही. काही जण म्हणतात, "बरं वाटतंय, मग कशाला यायचं?" मी म्हणतो, बरं वाटतंय म्हणूनच या.

आजच्यापुरतं एवढंच. घरातल्या कुंड्यांखालच्या ताटल्या आज रिकाम्या करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.