खाली गुंता? आधी वरचा दोरा बघा
(अष्टमी येथील गट बैठकीतलं बोलणं)



मशीनवर गोधडी शिवताना खाली दोऱ्याचा गुंता झाला की आपण आधी बॉबिनला नावं ठेवतो, मग स्वतःला. ‘मला नाय जमत बाई’ म्हणून मशीन झाकून टाकतो. आजीच्या लुगड्याची गोधडी शिवताना माझंही तेच झालं. मग कळलं, खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो.

तेव्हा कापड ओढू नका. गुंता कापा, वरचा दोरा पूर्ण काढा. दाबाचा पाय वर उचला आणि मगच पुन्हा ओवा. पाय खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत बसतच नाही. दोन्ही दोरे मागे धरून पहिले टाके घाला. चाक हाताने आपल्याकडे फिरवून मग पायडल मारा; चाक उलटं फिरलं तरी गुंततं. जाड थराला १६ किंवा १८ नंबरची सुई लावा. गोधडी लोंबकळू देऊ नका, वजनाने सुई वाकते. तरीही गुंतलं, तर बॉबिन केसखालचा कापसाचा भुगा झाडा.

मिस्त्रीला पैसे देण्याआधी एवढं कराच. आणि गटात जिने मशीन झाकून ठेवलंय, तिच्या घरी आज जा. शेजारी बसून तिलाच ओवू द्या.