पडती पेटी सावरेल काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा निवृत्त शिक्षक या नात्याने मी शिस्तीवर किंवा शुद्धलेखनावर बोलेन, अशीच चिटणीसांची अपेक्षा असावी. मजकडून त्यांची निराशा होणार आहे. आजचा माझा विषय मुलांच्या खेळाच्या पेटीचा आहे. पुढील रांगेतील वडीलधाऱ्यांच्या भुवया वर चढलेल्या मला दिसत आहेत. त्यांनी क्षणभर धीर धरावा.

माझा नातू यंदा दहावीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. 'पहिल्या वर्गात आलास तर हवी ती वस्तू घेऊन देईन' असा शब्द मी त्यास दिला होता, आणि त्यासाठी निवृत्तिवेतनातून दरमहा थोडी रक्कम टपाल कचेरीत टाकीत आलो होतो. त्याच्यापाशी चार वर्षांपासून 'एक्सबॉक्स' नावाची पेटी आहे. वाढदिवसाचे, दिवाळीचे, मामाने हातावर ठेवलेले असे सारे पैसे त्याने तिच्यावरील खेळ विकत घेण्यात घातले. निकालाच्या दिवशी पेढा हातात घेऊन तो मला म्हणाला, "आजोबा, ही कंपनी पेट्या करणे बंद करणार असे सगळे म्हणतात. मग माझ्या खेळांचे काय होणार? हिच्यातच राहू, की मित्रांसारखी दुसरी घेऊ?" मी मॅट्रिक शिकलेला मनुष्य. मजपाशी उत्तर नव्हते. पण विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि गुरुजींनी खाकरून वेळ मारून नेली, असे मी नोकरीत कधी केले नाही. म्हणून काही महिने या विषयाचा अभ्यास केला.

ज्यांना ही वस्तू परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो. नव्वदच्या दशकात आपल्या घरोघरी टीव्हीला जोडावयाची एक पेटी आली होती व तीत पिवळ्या कॅसेटी घालीत. त्यांतील बहुतेक पेट्या जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या नकला होत्या. त्याच जातीची ही आजची यंत्रे. व्यवहाराची रीत मात्र नवलाची आहे. पेटी पुष्कळदा तोट्यात विकावयाची आणि पुढे खेळांवर कमवावयाचे. एक्सबॉक्सचे तत्कालीन प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२२ साली सांगितले होते की, एकेका पेटीमागे कंपनी १०० ते २०० डॉलर सोसते. दौत फुकट देऊन शाईवर पैसे मिळविण्यासारखाच हा धंदा! गिऱ्हाईक वर्षानुवर्षे आपल्याच दुकानी येत राहील, या भरवशावर तो उभा असतो. तो भरवसा गेला की पेटीही गेली.

याचा पुरावा सेगा या जपानी कंपनीच्या इतिहासात मिळतो. तिची 'मेगा ड्राइव्ह' एके काळी अमेरिकेत निन्टेन्डोच्या तोडीस तोड होती. १९९४ साली तिने त्या यंत्रावर बसविण्याचे एक उपकरण विकले आणि थोड्याच काळात ते वाऱ्यावर सोडले. मग मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात तिने एकाएकी जाहीर केले की, आमचे 'सॅटर्न' आजपासूनच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर. माल मोजक्याच दुकानदारांना दिलेला होता; उरलेले रुष्ट झाले आणि काहींनी सेगाचा माल ठेवणेच सोडले. त्याच प्रदर्शनात सोनी कंपनीने आपल्या प्लेस्टेशनची किंमत सांगितली, २९९ डॉलर. त्यानंतर सेगाने १९९८ साली 'ड्रीमकास्ट' हे खरोखर गुणी यंत्र काढले. परंतु दोनदा पोळलेले गिऱ्हाईक तिसऱ्यांदा ताक फुंकून पिऊ लागले होते. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी आपली प्रचंड खाजगी संपत्ती कंपनीस देऊन टाकली, तरीही जानेवारी २००१ मध्ये यंत्रनिर्मिती थांबविण्याची घोषणा करावी लागली. ओकावा त्याच मार्चमध्ये निवर्तले. त्याच वर्षाअखेर सेगाचा सुप्रसिद्ध 'सॉनिक' जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, निन्टेन्डोच्या, यंत्रांवर धावू लागला. सेगा आजही खेळ तयार करते. पेटी मात्र परत आली नाही.

याउलट निन्टेन्डोकडे पाहा. ही कंपनी १८८९ सालची, क्योटो येथे पत्ते तयार करण्यासाठी निघालेली. २०१२ सालचे तिचे 'वी यू' हे यंत्र इतके पडले की, आधीच्या 'वी'ची विक्री १० कोटींवर गेली असता हिची दीड कोटीही झाली नाही. तेव्हा प्रमुख सातोरू इवाता यांनी नोकर कमी करावेत असे सल्ले त्यांना मिळत होते. त्यांनी २०१४ साली काही महिने स्वतःचे वेतन निम्म्यावर आणले. नोकरीच्या धास्तीत बसलेला मनुष्य लोकांस आनंद देणारी वस्तू निर्माण करू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या मला त्याचे मर्म चटकन समजले. इवाता २०१५ साली वारले. त्यांच्या पश्चात मार्च २०१७ मध्ये 'स्विच' बाजारात आले. घरात टीव्हीला जोडावे आणि प्रवासात हाती धरावे, असे हे यंत्र १५ कोटींहून अधिक खपले. तेव्हा पडलेली पेटी उठतच नाही, असे म्हणता येणार नाही.

आता एक्सबॉक्स. ती मायक्रोसॉफ्टची. या कंपनीच्या मुख्याधिकारीपदी २०१४ साली आपल्या हैदराबादचे सत्या नाडेला आले. द्रव्याचा तोटा तिला कधीच नव्हता. २००१ साली तिने या क्षेत्रात पाऊल टाकले. दुसऱ्या पिढीची 'थ्री-सिक्स्टी' २००५ साली आली, ती मोठ्या संख्येने बिघडू लागली. समोर लाल दिवे लागत आणि यंत्र मरून पडे. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या बिघाडाची हमी तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. लोकांनी चूक पोटात घातली. ही पेटी पुढे ८ कोटींवर खपली.

खरा घात झाला तो २०१३ साली. तिसरी पेटी जाहीर करताना कंपनीने सांगितले की, यंत्राने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे, आणि वापरलेले खेळ दुसऱ्यास देण्याविकण्यावर बंधने राहतील. श्रोतेहो, आपल्यापैकी कितीजणांनी अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांवर शाळा पुरी केली? थोरल्याचे पुस्तक धाकट्यास द्यावयाचे नाही, असे प्रकाशक म्हणू लागला तर आपणास कसे वाटेल? तेथील लोकांनाही तसेच वाटले. कंपनीने महिन्याभरात हे नियम मागे घेतले, पण बोलून गेलेला शब्द परत येत नाही. शिवाय किंमत ४९९ डॉलर, तर प्लेस्टेशनची ३९९. नेमक्या त्याच पिढीत लोक तबकडीऐवजी खेळ थेट खात्यावर विकत घेऊ लागले होते. ज्याचे कपाट एका दुकानी भरले तो दुसऱ्या दुकानी कसा जाईल? हरण्यास सर्वांत वाईट पिढी आम्ही तीच हरलो, अशी कबुली स्पेन्सर यांनी २०२३ साली दिली. हा मनुष्य खरे बोलला, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

मग पैशाने उपाय आरंभिले. २०२३ साली ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरला घेतली आणि पुढच्याच जानेवारीत खेळविभागातील १९०० माणसांना घरी पाठविले. येथे मला इवातांची आठवण झाली. आपले खास खेळ प्रतिस्पर्ध्याच्या पेटीवर देणे २०२४ पासून सुरू झाले; कंपनीची ओळखच असलेला 'हॅलो' प्लेस्टेशनवर येणार, हे २०२५ साली जाहीर झाले. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप हे सर्व एक्सबॉक्सच, अशी जाहिरातही २०२४ अखेर निघाली. घरातील प्रत्येक भांडे देव म्हटल्यावर देव्हारा कोण विकत घेईल? त्यात ५०० डॉलरची पेटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत ६५० डॉलरवर गेली. प्रतिस्पर्ध्यांनीही भाव चढविले, हे खरे. परंतु मागे पडलेल्याने भाव चढविणे वेगळे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, ही पेटी प्लेस्टेशनच्या बरोबरीस पुन्हा येणे कठीण आहे. नाव जगेल, खेळ जगतील. पेटीच्या बाजूने एकच भक्कम गोष्ट मला दिसली. ती मी वाचून नव्हे, डोळ्यांनी पाहिली.

नातवाच्या मामाने फार वर्षांपूर्वी घेतलेली 'हॅलो ३' ची तबकडी माळ्यावरील ट्रंकेत सापडली. खेळ २००७ सालचा, म्हणजे नातवाच्या जन्माआधीचा. आम्ही ती त्याच्या पेटीत घातली. बराच वेळ यंत्र इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घेत बसले आणि मग खेळ चालू झाला! मामा आणि भाचा मध्यरात्रीपर्यंत हटले नाहीत; दुसऱ्या दिवशी मामाची कचेरी बुडाली. जुन्या पिढ्यांचे खेळ नव्या पेटीवर चालविण्याचे काम या कंपनीने २०१५ पासून निष्ठेने केले, हे मान्य केलेच पाहिजे. पुढील पेटीची तयारी चालू असून जुना संग्रह तीवर चालेल, असा शब्द तिने जून २०२५ मध्ये दिला आहे.

मी नातवास सांगितले की, तुझे खेळ आज कोठे जात नाहीत. दुसरी पेटी घेतलीस तर मात्र तू स्वतःच ते मागे ठेवून जाशील. त्याने दोन दिवस विचार केला. पैसे टपाल कचेरीतच आहेत. नवी पेटी दुकानात आली की आम्ही दोघे ट्रंकेतली ती तबकडी खिशात घालून जाणार आहोत. तबकडी घालण्यास तीत फट असेल की नाही, याचीच त्याला काळजी आहे.